शब्द त्यांचा, राजीनामा आमचा

पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यातल्या एका गावात संविधान दिनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. कार्यक्रम संपला, खुर्च्या उचलल्या गेल्या, आणि वस्तीतल्या एका ताईने आम्हाला घरी चहाला नेले. ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढून तिने समोर ठेवला. झेरॉक्स होती. उपसरपंचपदाचा राजीनामा. खाली तिची सही, वर तारीख. सहीची शाई आणि तारखेची शाई वेगळी आहे, हे झेरॉक्समध्येसुद्धा कळत होते.

गोष्ट अशी झाली होती. ताई सदस्य म्हणून निवडून आली. पॅनलमध्ये उपसरपंचपदाचे चार दावेदार होते. मग पॅनलप्रमुखाच्या घरी बैठक बसली आणि ठरले की प्रत्येकाला सव्वा-सव्वा वर्ष. पाच वर्षांत चौघांचे समाधान. पहिला मान वस्तीला. मात्र मान देताना त्याच बैठकीत ताईची राजीनाम्यावर सही घेतली गेली, तारखेची जागा कोरी ठेवून. उरलेल्या तिघांकडून असा कागद घेतला होता का, ते तिला माहीत नाही. सव्वा वर्ष भरले, तारीख पडली, पद गेले.

ती आम्हाला म्हणाली, "सही माह्याच हातची हाये, भाऊ. तारीख तेवढी माही नाही."

याच गावाच्या फाट्यावर पॅनलप्रमुखाचा फ्लेक्स लागलेला होता. हे गृहस्थ गेल्या तीन निवडणुकांत "ही माझी शेवटची निवडणूक" असे भर सभेत सांगत आले आहेत. दरवेळी गावाने टाळ्या वाजवल्या. दरवेळी पुढच्या निवडणुकीत "जनतेच्या आग्रहाखातर" ते पुन्हा उभे राहिले. त्यांच्याकडून कोणी कधी कागद घेतला नाही. त्यांचा शब्द हा शब्दच राहिला आणि ताईचा शब्द मात्र राजीनामा झाला.

आम्ही या लेखात ज्या प्रश्नाबद्दल बोलणार आहोत तो या दोन शब्दांमधल्या फरकाचा आहे. "दोनच वेळा लढेन", "अमुक वर्षांनी बाजूला होईन", "आता नव्या पिढीला संधी", अशी वचने राजकारणात स्वतःहून दिली जातात. ती मोडली की आपण माणसाला दोष देतो. सत्तेची हाव, पुत्रप्रेम, ढोंग वगैरे. आमचे म्हणणे असे की चूक माणसाच्या स्वभावात शोधणे हेच आपले चुकते. वचन कोण मोडू शकतो आणि कोणाकडून ते वसूल होते, हे सत्ता कोणाकडे आहे त्यावर ठरते. आणि बाबासाहेबांच्या अनुयायांनी तरी पुढाऱ्याच्या चांगुलपणावर विसंबून राहू नये.

मसुद्यात मर्यादा होती

आपल्यातल्या फार थोड्या कार्यकर्त्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट आधी सांगतो. बाबासाहेब अध्यक्ष असलेल्या मसुदा समितीने १९४८ साली संविधानाचा जो मसुदा जनतेपुढे ठेवला, त्यातले कलम ४६ राष्ट्रपतींच्या फेरनिवडणुकीविषयी होते. त्यात असे होते की राष्ट्रपतिपदावर असलेली किंवा राहिलेली व्यक्ती पुन्हा एकदा निवडून येऊ शकेल, पण एकदाच. म्हणजे दोन वेळा, बस. संविधान सभेत चर्चा झाली आणि ही अट निघून गेली. आजच्या कलम ५७ मध्ये फेरनिवडणुकीची मुभा आहे, मर्यादा नाही.

मर्यादा गेली तेव्हा तिची जागा संकेताने घ्यायची होती. प्रत्यक्षात पहिल्याच राष्ट्रपतींची निवड १९५०, १९५२ आणि १९५७ अशी तीनदा झाली. त्यांच्यानंतर आजवर एकाही राष्ट्रपतीला दुसरा कार्यकाळ मिळालेला नाही. पण हा संकेत टिकला त्यात त्यागाचा भाग किती? राष्ट्रपती कोण व्हावे हे दिल्लीतली सत्ता ठरवते आणि तिला दरवेळी नवे नाव हवे असते. ज्या खुर्चीत खरी सत्ता असते, त्या पंतप्रधान-मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीबाबत असा संकेत आपल्याकडे कधी रुजला नाही.

अमेरिकेचा इतिहास हेच सांगतो. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी दोन कार्यकाळांनंतर, १७९६ साली, तिसऱ्यांदा उभे राहण्यास नकार दिला. पुढे दीडशे वर्षे कोणी तिसऱ्यांदा निवडून आले नाही. लोकांना वाटले, हा संकेत कायद्याइतकाच पक्का. १९४० साली फ्रँकलिन रूझवेल्ट तिसऱ्यांदा निवडून आले, १९४४ साली चौथ्यांदा. तेव्हा कुठे तिथल्या लोकांना कळले की संकेत म्हणजे कायदा नव्हे, आणि १९५१ साली बाविसावी घटनादुरुस्ती करून दोन वेळांची मर्यादा लिहून टाकावी लागली.

त्याच १९५१ साली, २७ सप्टेंबरला, इकडे बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल, मागासवर्गीयांकडे झालेले दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण अशी कारणे त्यांनी निवेदनात मांडली. "कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर" तो राजीनामा मागे घेतला गेला नाही. आपण या राजीनाम्याचा अभिमान बाळगतो आणि तो बाळगलाच पाहिजे. पण बाबासाहेबांनी स्वतः आपल्याला अशा थोर माणसाच्या भरवशावर राहायला शिकवले नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी जॉन स्टुअर्ट मिलचा दाखला देऊन बजावले की कितीही मोठा माणूस असो, त्याच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहू नका, संस्था उलथून टाकता येईल इतका अधिकार त्याच्या हाती देऊ नका. धर्मातली भक्ती मोक्षाला नेईल की नाही कोण जाणे, राजकारणातली भक्ती मात्र अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांचा इशारा होता.

त्याच भाषणात त्यांनी भिक्खू संघाची आठवण काढली होती. संघात बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान यांचे नियम होते, हे त्यांनी संविधान सभेला सांगितले. आणि तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी संघाला वारसदार नेमून दिला नाही, धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते असे सांगितले, हे आपल्या प्रत्येक विहारात सांगितले जाते. गादी नाही, नियम आहे. हे आपण बौद्ध म्हणून सांगतो आणि पक्ष-संघटनेत विसरतो.

"शेवटची निवडणूक" नावाचा शब्द

स्वतःहून मर्यादा घालून घेण्याच्या वचनाचा सर्वात स्वच्छ नमुनाही अमेरिकेतलाच आहे. १९९० नंतर तिथल्या अनेक राज्यांनी आपल्या संसद सदस्यांवर कार्यकाळाची मर्यादा घालणारे कायदे केले. १९९५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते रद्द ठरवले. कायदा गेला, उरले फक्त वचन. वॉशिंग्टन राज्यातले जॉर्ज नेथरकट १९९४ साली याच मुद्द्यावर निवडून आले होते. त्यांनी संसदेचे अध्यक्ष टॉम फोली यांना हरवले, कारण फोली मर्यादेच्या विरोधात न्यायालयात गेले होते. नेथरकट यांनी तीनच वेळा लढण्याचा शब्द दिला होता. २००० साली चौथी वेळ आली, शब्द मोडला, उभे राहिले आणि निवडूनही आले. मतदारांनी शिक्षा केली नाही. ज्या मुद्द्यावर दुसऱ्याला घरी पाठवले, तोच मुद्दा स्वतःच्या वेळी गळून पडला.

आपल्या महाराष्ट्रात वचनाची तऱ्हा वेगळी आहे. इथे आधी निवृत्ती जाहीर होते, मग आग्रह होतो, मग निवृत्ती मागे घेतली जाते. २ मे २०२३ रोजी मुंबईत आत्मचरित्राच्या सुधारित आवृत्तीच्या प्रकाशनात शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे अध्यक्षपद सोडत असल्याचे जाहीर केले. १९९९ ला पक्ष स्थापन झाल्यापासून ते अध्यक्ष होते. सभागृहात रडारड झाली, समिती बसली, समितीने राजीनामा फेटाळला आणि ५ मे रोजी पवारांनी निर्णय मागे घेतला. तीन दिवस. दोन महिन्यांच्या आत तोच पक्ष फुटला. पवारांच्या हेतूविषयी आम्ही काही म्हणत नाही. आम्ही एवढेच पाहतो की चोवीस वर्षांत पुढचा अध्यक्ष निवडण्याची पद्धतच तयार झाली नव्हती. म्हणून एका माणसाच्या जाण्याने सभागृह रडले आणि त्याच्या राहण्यानेही पक्ष वाचला नाही.

बाकीचे पक्ष मर्यादा लिहितात, पण दार किलकिले ठेवतात. काँग्रेसने मे २०२२ मध्ये उदयपूरच्या शिबिरात ठरवले की पक्षात एका पदावर पाच वर्षांहून अधिक कोणी राहू नये, एका कुटुंबात एकच तिकीट असावे. त्याच ठरावात पाच वर्षे पक्षकार्य केलेल्या नातेवाइकाला सूटही होती. भाजपच्या घटनेत अध्यक्षाला लागोपाठ दुसरा कार्यकाळ नव्हता. २०१२ साली नागपूरचे नितीन गडकरी अध्यक्ष असताना, सूरजकुंडच्या बैठकीच्या वेळी, ही अट बदलून दोन कार्यकाळांची सोय झाली. पुढे जानेवारी २०१३ मध्ये गडकरींना दुसरा कार्यकाळ मिळाला नाही ही गोष्ट वेगळी. पण माणूस बघून नियम बदलायची सवय तिथेही आहेच. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने २०१२ साली कोझिकोडच्या अधिवेशनात सचिवपदाला तीन कार्यकाळांची मर्यादा घातली. अपवाद करायचा तर समितीच्या तीन-चतुर्थांश सदस्यांची संमती हवी, हेही लिहिले. दार यांनीही ठेवले आहे, पण कुलपाची किल्ली एका माणसाच्या खिशात नाही. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

आपल्या घरातला हिशेब

दुसऱ्याच्या पक्षाबद्दल बोलणे सोपे असते. आता आपल्या घरात येऊ. वऱ्हाडातल्या आंबेडकरी राजकारणाचा हिशेब आपण मांडला नाही तर तो विरोधक मांडतील.

दर्यापूर तालुक्यातल्या दारापूरचे रा. सू. गवई, आपले दादासाहेब, १९६४ ते १९९४ अशी तीस वर्षे विधान परिषदेत होते. १९७८ ते १९८२ सभापती. १९९८ ला अमरावतीतून लोकसभेत, पुढे २००० ते २००६ राज्यसभेत, मग बिहारचे आणि केरळचे राज्यपाल. खेड्यातल्या एका पूर्वास्पृश्य घरातला मुलगा सभागृहाचा सभापती होतो, याचे मोल आम्ही कमी करणार नाही. ज्या काळात आपल्या माणसाला कचेरीत खुर्ची मिळत नव्हती त्या काळात ती खुर्ची होती. पण तीस वर्षांत त्या परिषदेत अमरावती-अकोल्यातून आपला दुसरा आवाज का तयार झाला नाही, हा प्रश्नही त्याच आदराने विचारावा लागेल. पक्षाचा गवई गट पुढे त्यांच्या मुलाकडे गेला.

१९९८ चे वर्ष आठवा. ऐक्य झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार निवडून आले. अकोल्यातून बाळासाहेब आंबेडकर, अमरावतीतून गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, मुंबईतून रामदास आठवले. चारही जागा खुल्या. असा दिवस आपण त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. पण वर्षभरात ऐक्य फुटले. चार मोठी माणसे एका पक्षात होती, पण अध्यक्षपद कोणाकडे किती काळ राहील आणि नंतर कोणाकडे जाईल, याचे सगळ्यांना बांधील असे उत्तर नव्हते. खुर्ची फिरत नसली की माणसे फिरतात. मग प्रत्येकाच्या नावाचा कंस पक्षाच्या नावापुढे लागतो.

अकोल्याची गोष्ट याहून शिकण्यासारखी आहे. अकोला पॅटर्न म्हणजे काय, हे नव्या मुलांना सांगायला हवे. बाळासाहेबांनी बौद्धांच्या जोडीला माळी, धनगर, बंजारा, कोळी अशा जातींना आणि मुस्लिमांना उभे केले. भारिप-बहुजन महासंघाने आणि नंतर वंचित बहुजन आघाडीने अकोला जिल्हा परिषदेत अनेक वर्षे सत्ता राखली. जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद अडीच वर्षांचे, त्याचे आरक्षणही फिरते. पद फिरत गेले म्हणून ज्या जातींनी कधी दालन पाहिले नव्हते त्यांची माणसे दालनात बसली. सत्तेची फेरपालट हे या पॅटर्नचे बळ होते. इतर पक्ष ज्याला अडचण म्हणतात, त्या फिरत्या आरक्षणाला अकोल्याने शक्ती बनवले.

पण हे बळ जिल्हा परिषदेच्या दालनापर्यंत आले आणि थांबले. १९९८ आणि १९९९ ला अकोल्याने बाळासाहेबांना लोकसभेत पाठवले. २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या पाचही निवडणुकांत आपला उमेदवार तोच होता आणि पाचही वेळा निकाल विरोधात गेला. समोर चार वेळा संजय धोत्रे निवडून आले, पाचव्यांदा त्यांचे चिरंजीव. बाळासाहेबांनी कधी "दोनच वेळा लढेन" असा शब्द दिला नव्हता, त्यामुळे तो मोडल्याचा आरोप आम्ही करत नाही. आम्ही स्वतःला विचारतो: वीस वर्षांत जिल्हा परिषदेत तयार झालेल्या इतक्या माणसांपैकी एकही लोकसभेच्या उमेदवारीपर्यंत का पोचला नाही? खाली जे सूत्र चालले, ते वर चालवायला आपण कधी मागणी तरी केली का? नेत्याने शब्द दिला नाही हे खरे. आपण तो मागितला नाही हेही तितकेच खरे.

दोन करार, दोन मुख्यमंत्री

आता पुन्हा त्या ताईच्या कोऱ्या तारखेकडे येऊ. मुदतीचा शब्द कोणाकडून वसूल होतो, हे देशाच्या राजकारणातही दिसते.

१९९७ साली उत्तर प्रदेशात बसपा आणि भाजपचा करार झाला. सहा-सहा महिने मुख्यमंत्रिपद. मार्चमध्ये मायावती मुख्यमंत्री झाल्या आणि सप्टेंबरमध्ये, ठरलेल्या महिन्यात, त्यांनी खुर्ची कल्याण सिंह यांच्याकडे सोपवली. महिनाभरात त्यांनी पाठिंबा काढून घेतला हेही इतिहासात आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण खुर्ची सोडण्याचा शब्द पाळला गेला.

२००६ साली कर्नाटकात जनता दल (धर्मनिरपेक्ष) आणि भाजपचा करार झाला. वीस-वीस महिने. पहिले वीस महिने कुमारस्वामी यांचे. ऑक्टोबर २००७ मध्ये वेळ भरली आणि खुर्ची सोडायला त्यांनी नकार दिला. सरकार पडले, राष्ट्रपती राजवट लागली. आणि पुढे काय झाले? २०१८ साली कुमारस्वामी पुन्हा मुख्यमंत्री झाले, २०२४ ला केंद्रात मंत्री झाले, तेही भाजपच्या बरोबर.

"त्यांच्यावर विश्वास ठेवता येत नाही" हे वाक्य या दोघांपैकी कोणाला जास्त चिकटवले गेले, ते वाचकांनी आपल्या आसपास विचारून पाहावे. आमचा अनुभव आम्हाला उत्तर देतो.

आपल्या राज्यात २०१९ ला अडीच-अडीच वर्षांचा वाद झाला. शिवसेना म्हणाली शब्द दिला होता, भाजप म्हणाली दिलाच नव्हता. बंद दाराआड झालेल्या बोलण्याचा कागद नव्हता. मोठ्यांचा करार असा असतो, कागदाविना, म्हणजे नाकारता येतो. वस्तीतल्या उपसरपंचाचा करार मात्र सहीनिशी असतो.

आणखी एक गोष्ट. १९७४ साली गुजरातेत आमदारांकडून दडपणाने राजीनामे घेतले गेले, तेव्हा संसदेने तेहतिसावी घटनादुरुस्ती केली. राजीनामा स्वेच्छेचा आणि खरा आहे याची खात्री झाल्याशिवाय अध्यक्षांनी तो स्वीकारू नये, असे ठरले. आमदाराला हे संरक्षण आहे. ग्रामपंचायतीतही काही आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम २९ नुसार राजीनामा पंचायतीच्या सभेपुढे आल्यावर तो खरा नाही असा वाद असेल, तर सात दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येते. त्या ताईला हे कोणी सांगितले नव्हते. आम्ही पोचलो तेव्हा सात महिने होऊन गेले होते. हा दोष पॅनलप्रमुखाचा नाही, आमचा आहे. आम्ही विहारात संविधानाची प्रास्ताविका म्हणायला शिकवली, कलम २९ शिकवले नाही.

अमरावतीतून आलेला एक शब्द

दादासाहेब गवईंचे चिरंजीव न्या. भूषण गवई २०२५ साली भारताचे सरन्यायाधीश झाले. बौद्ध समाजातून त्या खुर्चीवर पोचलेले ते पहिले. पदावर असतानाच त्यांनी, अमरावतीतल्या न्यायालयाच्या कार्यक्रमातही, जाहीर केले की निवृत्तीनंतर कोणतेही सरकारी पद घेणार नाही. ते राजकारणी नाहीत, पण शब्दाची जात तीच आहे: खुर्चीवर बसलेल्याने पुढच्या खुर्चीला स्वतःहून नाही म्हणणे. याआधीचे एक सरन्यायाधीश नोव्हेंबर २०१९ ला निवृत्त झाले आणि मार्च २०२० ला राज्यसभेत बसले, हे आपण पाहिले आहे. त्या पार्श्वभूमीवर अमरावतीच्या माणसाचा शब्द आपल्याला अभिमानाचा वाटतो.

पण अभिमानाबरोबर जाणीवही हवी. हा शब्द एका माणसाचा आहे. पुढच्या न्यायाधीशावर तो बंधनकारक नाही. आपण टाळ्या वाजवून थांबलो तर एक चांगली आठवण उरेल. निवृत्तीनंतर अमुक वर्षे पद नाही, असा कायदा मागितला तर चांगल्या माणसाच्या शब्दाचा नियम होईल.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप कार्यकर्त्यांचाच असतो. आधीच आपल्याकडे माणसे कमी, त्यात अनुभवी माणसाला घरी बसवायचे? उत्तर असे की मर्यादा पदावर घालायची असते, कामावर नाही. दोन कार्यकाळ अध्यक्ष राहिलेला माणूस मार्गदर्शक होऊ शकतो, शिबिरे घेऊ शकतो, न्यायालयीन लढाया लढू शकतो. आणि माणसे कमी का आहेत? पद मोकळे होत नाही म्हणून पंचविशीतला मुलगा दुसरीकडे जातो.

दुसरा आक्षेप, प्रस्थापितांनी आधी पाळावे, मग आम्ही. हा आक्षेप समजू शकतो. पण प्रस्थापितांकडे कारखाना आहे, बँक आहे, कॉलेज आहे. त्यांचा पक्ष बुडाला तरी घर तरते. आपल्याकडे संघटना एवढीच मालमत्ता आहे. ती एका नावावर राहिली तर त्या नावाबरोबर जाते.

तिसरा आक्षेप विरोधकांचा. तो सोशल मीडियावर रोज येतो: "तुमचे आरक्षण दहा वर्षांसाठी होते, मुदत तुम्हीच मोडली." इथे आपल्या मुलांनी नीट उत्तर द्यायला शिकावे. कलम ३३४ मधली दहा वर्षांची मुदत फक्त लोकसभा आणि विधानसभेतल्या राखीव जागांची आहे. शिक्षणातल्या आणि नोकरीतल्या आरक्षणाला अशी मुदत संविधानात नाही. आणि ती राजकीय मुदत कोणा नेत्याने स्वतःसाठी वाढवलेली नाही. दर दहा वर्षांनी संसदेत उघड घटनादुरुस्ती होऊन, दोन-तृतीयांश मतांनी ती वाढली, शेवटची १०४ व्या दुरुस्तीने २०३० पर्यंत. मुदत वाढवायचीच असेल तर कशी वाढवावी, त्याचा हा नमुना आहे: सर्वांसमोर, कारणासह, मतदानाने. तीन दिवस रडारड करून नव्हे.

सुरुवात आपल्या विहारापासून

मोठ्या पक्षांना उपदेश करण्याआधी आमची मागणी आमच्याकडेच आहे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यातल्या प्रत्येक विहार समितीने, जयंती उत्सव समितीने, महिला मंडळाने आणि युवक संघटनेने पुढच्या सभेत चार ठराव घ्यावेत.

एक, अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष या पदांवर एक व्यक्ती लागोपाठ दोन कार्यकाळांहून जास्त राहणार नाही. हे भाषणात नको, घटनेत हवे.

दोन, अपवाद करायचा तर तीन-चतुर्थांश सदस्यांचे गुप्त मतदान, आणि ज्याच्यासाठी अपवाद आहे तो त्या सभेचा अध्यक्ष नसेल.

तीन, पदाधिकारी बदलले की हिशेबाची वही, बँकेचे पासबुक आणि शिक्का त्याच सभेत सोपवायचा. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. आपल्या कित्येक विहारांच्या नोंदीत आजही दिवंगत माणसांची नावे आहेत. निर्वाण पावलेला माणूस पद सोडू शकत नाही, इतकी आपली खुर्ची घट्ट आहे.

चार, वस्तीतल्या कोणत्याही सदस्याने, सरपंचाने, उपसरपंचाने कोऱ्या तारखेच्या राजीनाम्यावर सही करायची नाही. पद वाटून घ्यायचे असेल तर करार सर्वांचा, सह्या सर्वांच्या, तारखा सर्वांच्या, आणि एक प्रत ग्रामसभेसमोर. पॅनलप्रमुखाला हे मान्य नसेल तर तो मान नाही, फास आहे.

या चार ठरावांनी उद्या कोणी मुख्यमंत्री होणार नाही. पण ज्या मुलाने विहार समितीत बावीस वर्षांचा असताना अध्यक्षाला "तुमचा कार्यकाळ संपला" असे आदराने आणि न घाबरता सांगितले असेल, तो चाळिसाव्या वर्षी पक्षाच्या अध्यक्षालाही तेच सांगू शकेल. आज आपल्याकडे तो मुलगा नाही. आज आपल्याकडे फ्लेक्स लावणारी मुले आहेत.

त्या ताईने निघताना आम्हाला विचारले, "पुढल्या खेपेला उभी राहू का नको, भाऊ?" आम्ही म्हटले, राहा. आणि सही करताना आम्हाला फोन कर. ती हसली. म्हणाली, "आता तारीख मीच टाकीन."

जय भीम.